वानर आणि माकड : तापीखोऱ्यातील दोन प्राणिनामे व टोळीच्या वर्णनाचा इतिहास

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची चौकट आहे. १९०६ साली या मुलखाचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. राजकीय इतिहासात हा प्रदेश हिंदुस्थान व दख्खन यांमधील उंबरठा मानला जातो. भाषेच्या इतिहासातही त्याचे स्थान उंबरठ्यावरचेच आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशी बोलीचा विचार मराठीच्या सातव्या खंडात न करता नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी केला, हे सर्वश्रुत आहे. त्या वर्गीकरणाविषयी पुष्कळ वाद झाला. परंतु हे खोरे प्राणिसृष्टीतही एक सीमारेषा आहे, आणि ती सीमा वानरांच्या व माकडांच्या नावांतही उमटलेली आहे, या गोष्टीकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

प्रथम प्राण्यांचा विचार करू. भारतीय द्वीपकल्पात दोन प्रकारची माकडे सर्वत्र परिचित आहेत. उत्तरेकडील माकड तांबूस पार्श्वभागाचे व आखूड शेपटीचे असते. त्यास प्राणिशास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात. दक्षिणेकडील माकडाची शेपटी लांब असते आणि डोक्यावरील केस मध्यापासून चोहीकडे फिरून टोपी घातल्यासारखे दिसतात. ते टोपीवाले माकड होय. या दोहोंची सीमा पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी अशी स्थूलमानाने सांगण्यात येते. फूडेन, महाबळ व साहा या संशोधकांनी १९८१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या सीमेची नव्याने आखणी केली. त्यानंतर तीस वर्षांनी, २०११ साली, कुमार, राधाकृष्ण व सिन्हा यांनी असे दाखविले की उत्तरेकडील माकड दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीवाल्या माकडाचा मुलूख त्या प्रमाणात आक्रसत आहे.

तिसरा प्राणी म्हणजे काळ्या तोंडाचे वानर. ते तापीच्या दोन्ही तीरांवर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या मनुदेवीपासून चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपर्यंत आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत त्याच्या टोळ्या दिसतात. परंतु येथेही नदीने आपली खूण ठेवली आहे. म. ल. रूणवाल यांनी वानरांच्या शेपटीच्या ठेवणीचे देशभर निरीक्षण केले. उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे कमानीसारखी वळवून धरते, तर दक्षिणेकडचे वानर ती मागच्या बाजूस वळवते; आणि या दोन ठेवणींमधील रेषा पुन्हा तापी-गोदावरीच्या आसपासच जाते, असे त्यांना आढळले. शेपटीच्या वळणावरून मुलूख ओळखता यावा ही गोष्ट कोणासही गमतीची वाटेल. पण बोलींच्या सीमा ठरविणारा अभ्यासक ज्या लहानसहान लकबींचा आधार घेतो, त्या तरी याहून फार मोठ्या असतात असे नाही.

आता नावांकडे वळू. मराठीत ‘माकड’ व ‘वानर’ हे दोन शब्द सामान्यतः दोन वेगळ्या प्राण्यांसाठी योजले जातात : माकड लाल तोंडाचे, वानर काळ्या तोंडाचे. ‘माकड’ हा संस्कृत ‘मर्कट’ व प्राकृत ‘मक्कड’ या मार्गाने आलेला तद्भव शब्द असून त्याच्या व्युत्पत्तीविषयी शंका नाही. ‘वानर’ हा मराठीत तत्सम रूपातच रुळलेला आहे. ‘वा नरः’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’, ही फोड विनोदी असली तरी लौकिक आहे. खरा संबंध ‘वन’ या शब्दाशी, म्हणजे अरण्यातील प्राणी या अर्थाशी, असावा असे कोशकार मानतात. बोलींमध्ये ‘न’ नंतर ‘द’ चा आगम होऊन ‘वांदर’ असे रूप होते. गुजरातीत ‘वांदरो’ होते आणि हिंदीत आद्य ‘व’ चा ‘ब’ होऊन ‘बंदर’ होते.

येथपर्यंत ध्वनिशास्त्राची साधी वाट आहे. महत्त्वाचा फरक अर्थाचा आहे. गुजरातीत ‘वांदरो’ म्हणजे काळ्या तोंडाचा प्राणी आणि ‘मांकडुं’ म्हणजे लाल तोंडाचा. मराठीची वाटणीही तशीच आहे. परंतु सातपुडा ओलांडून हिंदीच्या मुलखात गेले की ‘बंदर’ हा शब्द प्रामुख्याने लाल तोंडाच्या माकडास लागतो आणि काळ्या तोंडाच्या वानरास ‘लंगूर’ हा निराळा शब्द येतो. ‘लंगूर’ हा ‘लांगूल’, म्हणजे शेपटी, यापासून झालेला आहे. याचा अर्थ असा की ‘वानर’ हा एकच जुना शब्द सातपुड्याच्या एका बाजूस एका प्राण्याचे नाव आहे व दुसऱ्या बाजूस दुसऱ्या प्राण्याचे. बऱ्हाणपूरच्या बाजारातला हिंदी बोलणारा माणूस ‘बंदर’ म्हणाला आणि रावेरच्या शेतकऱ्याने त्याचा अर्थ ‘वांदर’ असा घेतला, तर दोघांच्या डोळ्यांपुढे दोन वेगळे प्राणी उभे राहण्याचा संभव आहे. दक्षिणेकडे कन्नडातही ‘कोती’ व ‘मुसुव’ असा भेद आहेच. थोडक्यात, जेथे दोन्ही प्राणी माणसाच्या शेजारी राहतात तेथे भाषेने ते वेगळे ओळखले. कोणते जुने नाव कोणास द्यावयाचे एवढाच मतभेद राहिला. मराठी ‘माकड’ व युरोपीय ‘मकाक’ यांचे साम्य मात्र फसवे आहे. ‘मकाक’ हा शब्द पोर्तुगीजांनी आफ्रिकेतील कांगोच्या बाजूने आणला. त्याचा मर्कटाशी काही संबंध नाही.

मराठी वाक्प्रचारांत या भेदाला एक सामाजिक अंगही आले आहे. मर्कटचेष्टा, माकडचाळे, माकडाच्या हाती कोलीत हे सारे माकडाच्या वाट्याला आले. वानराच्या वाट्याला वानरसेना आली. एकाकडे चांचल्य व अविचार, दुसऱ्याकडे निष्ठा व पराक्रम, अशी ही वाटणी आहे. गावाच्या वेशीवरचा मारुती हा वानर आहे, माकड नव्हे. पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या ज्याच्या देवळापुढे नेतात त्याचेच कूळ सांगणारा प्राणी शेतात शिरला असता शेतकऱ्याचा हात थबकतो, यात शब्दाचाही वाटा आहे. त्या प्राण्याचे तोंड व हातपाय काळे का, याची कथाही लोकांनी लंकादहनाशी जोडली : पेटलेले शेपूट विझविताना ते भाजले. प्राण्याच्या रूपाचे वर्णन आणि त्याच्या चारित्र्याचे वर्णन ही दोन्ही अशा रीतीने एकाच कथेत गुंफली गेली आहेत.

रूपाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. पूर्ण वाढलेल्या वानराचे अंग करडे किंवा राखी पिवळसर असते. चेहरा, कान, तळहात व तळपाय काळे. शेपटी धडापेक्षा लांब. नराचे वजन सुमारे १८ किलो, मादीचे ११ किलोच्या आसपास. परंतु आकार सोडला तर दोघांचे रूप सारखेच. पिल्लू जन्मतः काळसर तपकिरी असते, आणि कित्येक दिवस ते आईबरोबरच इतर माद्यांच्याही हातांतून फिरत असते. टोळीतील प्रौढ नर पहाटे व संकटसमयी जो घुमणारा आवाज काढतो त्यावरून त्यास मराठीत ‘हुप्या’ म्हणतात. हा शब्द प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाचा आहे, कारण तो जातीचे नाव नसून टोळीतील एका विशिष्ट स्थानाचे नाव आहे. सामान्यतः एका टोळीत हुप्या एकच असतो, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. नाहीतर त्याला स्वतंत्र नाव मिळाले नसते.

याच्याशी तुलनेस आफ्रिकेतील हमाद्र्यास बबून हा प्राणी घेण्याजोगा आहे. इथिओपिया, सोमालिया व तांबड्या समुद्रापलीकडील अरबस्तान या रुक्ष, खडकाळ मुलखात तो राहतो. नराच्या खांद्यांवर रुपेरी करड्या केसांची झूल असते, चेहरा व पार्श्वभाग गुलाबी. मादी तपकिरी, झुलीवाचून, आणि आकाराने नराच्या जवळजवळ निम्मी. नर व मादी ही दोन वेगळ्याच जातींची वाटावीत असा हा फरक आहे. प्राचीन मिसरात हा बबून थोथ या ज्ञानदेवतेचा मानला जाई व त्याचे देह मसाला घालून जतन केले जात. आश्चर्य असे की मिसर देशात तो रानटी स्थितीत राहत नव्हता, दक्षिणेकडून मुद्दाम आणवला जाई. देवत्व पावलेले वानरवर्गीय प्राणी जगात थोडेच. त्यांपैकी एक नाईलच्या काठी आणि एक आपल्या वेशीवर.

टोळीच्या वर्तनाचे वर्णन खानदेशच्या परिसरात सर्वप्रथम कोठे आढळते असा प्रश्न केला तर बोट अजिंठ्याकडेच जाते. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. परंतु त्या डोंगराचा उतार खानदेशाकडे आहे आणि तेथे जाणारा प्रवासी आजही बहुधा जळगावावरूनच जातो. सतरावे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटक हरिषेणाच्या एका मांडलिकाने कोरविले. त्याचे घराणे ऋषीक देशावर राज्य करीत होते व ऋषीक म्हणजेच खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. हे मत मान्य केल्यास असे म्हणता येते की महाकपी जातकाची दोन्ही चित्रे, जी याच लेण्यात आहेत, खानदेशच्या एका राजाच्या द्रव्याने रंगविली गेली.

त्यांपैकी पहिल्या कथेत बोधिसत्त्व हा ऐंशी हजार वानरांचा राजा आहे. वाराणसीच्या राजाचे धनुर्धर झाडाला वेढा घालतात, तेव्हा तो आपल्या देहाचा पूल करतो आणि सारी प्रजा त्याच्या पाठीवरून पलीकडे जाते. शेवटी वैरभाव धरणारा एक वानर मुद्दाम त्याच्या पाठीवर उडी घेऊन त्याला घायाळ करतो. चित्र काढणाऱ्याने व काढविणाऱ्याने वानरांत काय पाहिले हे येथे उघड आहे. त्यांनी एक राज्य पाहिले : वर राजा, खाली प्रजा, बाजूला मत्सरी भाऊबंद. मांडलिक राजाला आपल्या भिंतीवर हीच कथा हवीशी वाटावी यात नवल नाही.

परंतु जातकसंग्रहात आणखी एक कथा आहे, ती फारशी प्रसिद्ध नाही. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. तयोधम्म जातक हे तिचे नाव. त्यातील टोळीनायक वानर आपले नर वंशज मोठे होऊन आपल्याला हुसकावून लावतील या भयाने त्यांना लहानपणीच दातांनी खच्ची करतो. एक गर्भवती मादी हे जाणून टोळी सोडून डोंगराच्या पायथ्याशी निघून जाते व तेथे तिला पुत्र होतो. तो मोठा होऊन बापाच्या भेटीस येतो. बाप त्याला आलिंगनाच्या मिषाने चिरडू पाहतो, जमत नाही असे पाहून राक्षस राहत असलेल्या तळ्याकडे कमळे आणावयास धाडतो, आणि अखेर पुत्राचे सामर्थ्य पाहून स्वतःच प्राणास मुकतो. कथेचा उत्तरार्ध ठराविक साच्याचा आहे. पूर्वार्ध तसा नाही. टोळीत प्रौढ नर एक, त्याला इतर नरांची धास्ती, लहान पिल्लांवर नराचे दात, आणि पिल्लाला घेऊन टोळीपासून दूर होणारी आई, ही चार निरीक्षणे कोणा कथाकाराने केवळ कल्पनेने जुळविली असतील असे वाटत नाही. रानात वावरणाऱ्या कोणीतरी ती पाहिली असली पाहिजेत. मात्र पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्याने राजवाड्याच्या भाषेत लावला. बापाला पुत्राचे भय : हा प्रश्न कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजपुत्रांच्या रक्षणाच्या प्रकरणात आहे, आणि तेथे राजपुत्रांना बापाला खाणाऱ्या खेकड्यांची उपमा दिली आहे. राजनीतीची जी चिंता होती, ती वानरांच्या टोळीवर बसवली गेली.

येथून युरोपीय ग्रंथकारांकडे यावयाचे म्हणजे हजारांहून अधिक वर्षांची उडी आहे. पण प्रवृत्ती तीच दिसते. १७९७ साली द्यूफ्रेन या फ्रेंच पंडिताने आपल्या वानराला शास्त्रीय नाव दिले ते ‘एन्टेलस’. हा व्हर्जिलच्या महाकाव्यातील एक वृद्ध मुष्टियोद्धा. पुढे ब्लाइथने व विसाव्या शतकात पोकॉकने भारतातील इतर वानरांना प्रायम, अँकायझीस, हेक्टर, एजॅक्स, अकेटीस अशी ट्रॉयच्या युद्धातील नावे वाटली. भारतीयांनी ज्याला एका महायुद्धातील सैनिक मानले त्यालाच युरोपीयांनी आपल्या महायुद्धातील वीर केले. १८२२ साली देस्मारेने या वानरकुळाला दिलेले ‘सेम्नोपिथेकस’ हे नाव ‘पूज्य कपी’ अशा अर्थाचे ग्रीक आहे. आफ्रिकेतील बबूनला लिनियसने १७५८ साली दिलेले ‘हमाद्र्यास’ हे नाव तर वृक्षवासिनी अप्सरेचे. ते झाडे दुर्मीळ असलेल्या मुलखातील, कड्यांवर झोपणाऱ्या प्राण्यास चिकटून राहिले आहे. काळ्या तोंडाच्या वानरांची एकच जात पुष्कळ काळ मानली जाई. २००१ साली ग्रोव्हज यांनी तिच्या सात जाती केल्या, तरी ‘एन्टेलस’ हे नाव उत्तरेकडील मैदानी वानराकडे राहिलेच आहे.

वर्तनाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ मात्र रानात न होता पिंजऱ्यात झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली एका कृत्रिम टेकडीवर शंभराच्या आसपास हमाद्र्यास बबून सोडण्यात आले. ते सारे नर असावेत असा बेत होता. चुकून मूठभर माद्याही आल्या. १९२७ साली आणखी ३० माद्या सोडण्यात आल्या. माद्यांसाठी झालेल्या झटापटींत त्यांतील निम्म्या महिन्याभरात मेल्या, आणि काही वर्षांतच टेकडी जवळजवळ ओसाड झाली. सॉली झुकरमन यांनी या घटनांवरून व इतर निरीक्षणांवरून १९३२ साली माकडांच्या व कपींच्या सामाजिक जीवनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात कामवासना ही समाजबंधनाचे मूळ आणि ‘अधिपती’ व ‘जनानखाना’ हे त्या समाजाचे घटक, असे प्रतिपादन होते. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे. पण कोंडलेल्या, एकमेकांना अपरिचित अशा प्राण्यांवरून समाजाचा नियम काढणे म्हणजे दुष्काळी छावणीवरून गावाची रीत ठरविण्यासारखे होते.

हान्स कुमर यांनी १९६०-६१ मध्ये इथिओपियात हाच बबून त्याच्या मुलखात पाहिला तेव्हा चित्र बदलले. एक नर, त्याच्या काही माद्या व पिल्ले असे लहान घटक. अशा अनेक घटकांचा जथा. आणि रात्री एकाच कड्यावर झोपणाऱ्या जथ्यांचा शेकड्यांचा मेळा, अशी तिपेडी रचना त्यांना आढळली. मादी दूर गेली तर नर तिच्या मानेस चावून तिला मागे आणतो, हे खरे; परंतु परिचित नर दुसऱ्याच्या माद्यांना सहसा हात लावीत नाहीत, हेही तितकेच खरे. टेकडीवरचा संहार हा त्या समाजाचा नियम नव्हता, तो नियम मोडल्याचा परिणाम होता.

आपल्या वानराविषयीचा वाद याच काळात उभा राहिला, आणि त्याचे रणक्षेत्र खानदेशच्या दोन्ही बाजूंस होते. उत्तरेस, मध्य भारतातील ओरछा व उत्तर प्रदेशातील काकोरीच्या बाजूचे एक गाव येथे फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात निरीक्षणे केली. त्यांना अनेक नर असलेल्या, शांत, आपसांत फारसे न भांडणाऱ्या टोळ्या दिसल्या. दक्षिणेस धारवाडला, जो जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ मध्ये जे पाहिले ते अगदी वेगळे होते. तेथील बहुतेक टोळ्यांत प्रौढ नर एकच होता, आणि बाकीचे नर स्वतंत्र जमाव करून राहत. १९६२ साली अशा एका जमावाने एका टोळीवर चाल केली. हुप्याला पळवून लावल्यावर जमावातील एकाने इतरांनाही हाकलून टोळी आपल्या ताब्यात ठेवली, आणि पुढील काळात तेथील पिल्ले त्याच्या चाव्यांना बळी पडली. जोधपूरच्या एस. एम. मोहनोत यांनी १९७१ साली अशीच निरीक्षणे प्रसिद्ध केली. वस्तुतः असा एक प्रसंग बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या वृत्तान्तात ह्यूज नावाच्या लेखकाने १८८४ सालीच नोंदविला होता. पण तेव्हा त्या माहितीला कोठे बसवावे हेच कोणास कळले नव्हते.

सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७१ ते १९७५ या काळात अबूच्या पहाडावर निरीक्षणे करून या प्रसंगांची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते नराला टोळी सरासरी सव्वादोन वर्षेच लाभते. अंगावर पिणारे पिल्लू असेतोवर मादी पुन्हा गर्भ धरीत नाही. म्हणून आधीच्या नराचे पिल्लू नाहीसे झाले की नव्याची संतती लवकर होते. फिलिस जे व इतर काहींनी यास विरोध केला. माणसाच्या दाटीमुळे, अन्न टाकल्यामुळे व जंगल तुटल्यामुळे बिघडलेल्या टोळ्यांतील ही विकृती आहे, असे त्यांचे म्हणणे. वाद वीस वर्षे चालला. १९९९ साली बोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळातील रामनगर येथील वानरांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध केली. पिल्लांवर हल्ला करणारा नर त्या पिल्लांचा बाप नव्हता, असे तीतून निष्पन्न झाले. तेव्हापासून हर्डी यांच्या उपपत्तीचे पारडे जड आहे.

आता तयोधम्म जातकाकडे पुन्हा पाहावे. कथाकाराने हिंसा ओळखली होती, ती नराकडून होते हे ओळखले होते, आई पिल्लाला दूर नेते हेही ओळखले होते. त्याची चूक एकाच शब्दात आहे. त्याने ‘पुत्र’ म्हटले, तेथे ‘परक्याचे पिल्लू’ हवे होते. ही चूक डोळ्यांची नव्हे. टोळीचा नायक म्हणजे राजा, आणि टोळीत जन्मलेले नर म्हणजे राजपुत्र, हा अर्थ एकदा शब्दांनी ठरवून टाकल्यावर नायक मधूनमधून बदलतो ही गोष्ट दिसत असूनही उपयोगी पडत नाही. राजा एका पिढीत एकच असतो.

आधुनिक लेखकांची परिभाषाही याहून निर्दोष आहे असे समजू नये. ‘जनानखाना’, ‘अधिपती’, ‘सत्तांतर’ हे शब्द नराला मध्ये ठेवून टोळीकडे पाहतात. वानरांच्या टोळीत स्थायी कोण, हे पाहिले तर उत्तर माद्या असे आहे. आजी, आई व लेक एकाच रानात जन्मभर राहतात. त्या रानाची सीमा त्याच जाणतात. पिल्ले त्यांच्याच हातांत वाढतात. परक्या नराच्या दातांपुढे पिल्लाच्या बाजूने उभ्या राहतात त्याही बहुधा म्हाताऱ्या माद्याच. नर बाहेरून येतो, दोन-अडीच वर्षे राहतो व जातो. मराठी नात्यांच्या भाषेत बोलावयाचे तर वानरीला सासर नसते, माहेरच असते, आणि हुप्या हा घरजावई, तोही मुदतीचा. हमाद्र्यास बबूनचा प्रकार उलटा आहे : तेथे नर आपल्या कुळात राहतात आणि मादीला माहेर सोडावे लागते. दोन्ही प्राण्यांत ‘एक नर व अनेक माद्या’ हे बाह्य चित्र सारखेच दिसते, म्हणून दोहोंना एकच ‘जनानखाना’ शब्द लावला गेला, आणि समाजाचा कणा दोन ठिकाणी दोन वेगळ्या बाजूंना आहे ही मुख्य गोष्ट त्या शब्दाखाली झाकली गेली. ‘माहेर’ हा शब्दही माणसांचाच, हे खरे. तो सोयीपुरता आहे, हे विसरले तर त्याचेही ‘राजा’सारखेच होईल.

शब्दांचा हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. २०२१ सालच्या डिसेंबरात मराठवाड्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व छपरांवर नेत असल्याच्या वार्ता आल्या. पिल्ले उंचावरून पडून किंवा उपासमारीने मरत होती. वृत्तपत्रांनी यास ‘सूड’ हे नाव दिले : कुत्र्यांनी एक वानरपिल्लू मारले, त्याचा बदला. अडीचशे कुत्री मारली गेल्याचा आकडा देशभर आणि परदेशातही पसरला. शेवटी वनखात्याने दोन वानरे पकडून हलविली. सूड म्हटले की वैर आले, पक्ष आले, आणि गावाच्या मनात भीतीही आली. वानरे परकी पिल्ले अंगाखांद्यावर वागवतात, हा त्यांच्या स्वभावाचा जुना परिचित भाग आहे. कुत्र्याचे पिल्लू वानराच्या पोटाला धरून राहू शकत नाही, एवढाच फरक. पण ‘सूड’ हा शब्द एकदा मथळ्यात आल्यावर ही साधी शक्यता ऐकून घेण्यास फारसे कोणी उरले नाही.

खानदेशापुरता एक प्रश्न उरतो, आणि तो व्यवहाराचा आहे. उत्तरेकडील माकड दक्षिणेस सरकत असेल तर जळगाव व धुळे जिल्ह्यांत ते कोणत्या गावी केव्हा आले याची नोंद गावकऱ्यांच्या तोंडूनच मिळावयाची. परंतु मराठीने वानर व माकड हा भेद जितका नीट सांभाळला तितका दोन माकडांमधील भेद सांभाळलेला नाही. आखूड शेपटीचे असो की टोपीवाले, दोन्ही ‘माकड’च. त्यामुळे ‘आमच्याकडे माकडे पूर्वीपासून आहेत’ या उत्तराने काहीच सिद्ध होत नाही. प्रश्नावली करणाऱ्याने नाव विचारून न थांबता शेपटी घोट्यापर्यंत लोंबते की मध्येच संपते, आणि डोक्यावरचे केस भोवऱ्यासारखे फिरलेले आहेत की मागे सपाट, हे दोन प्रश्न घातले पाहिजेत. आणि वानराविषयी विचारताना शेपटीचे टोक डोक्याकडे वळते की मागे, हा तिसरा. तापीच्या उत्तर तीरावरील यावल, रावेर, चोपडा व शिरपूर आणि दक्षिण तीरावरील भुसावळ, जळगाव, अमळनेर व शिंदखेडा अशा तालुक्यांच्या जोड्या घेऊन ही विचारपूस केल्यास, बोलीतील रूपांची नोंदही त्याच फेरीत होईल : ‘वानर’ कोठपर्यंत, ‘वांदर’ कोठून पुढे, आणि ‘बंदर’ कोणत्या गावापासून.